ताई, तायी आणि पाच व्होल्ट

आपल्या सीमाभागातल्या वाड्यांत आणि चाळींत एक गंमत नेहमी घडते. मराठी घरातली धाकटी मुलगी ‘ताई, ए ताई’ म्हणून हाका मारते आणि शेजारच्या कन्नड घरात नव्याने राहायला आलेल्या आजींना वाटतं, ही आईला बोलावते आहे. कारण कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. हाक तीच, पण ऐकणारा कान वेगळा, म्हणून अर्थही वेगळा. आपल्याकडे असले घोटाळे दोन मिनिटांत हसण्यावारी जातात, कारण घरात दोन्ही भाषा जाणणारं कुणीतरी असतंच. पण मधे असं कुणी नसेल तर?

आज लिहायचं आहे ते यंत्रांमधल्या अशाच एका घोटाळ्याविषयी. मराठी शिकवणाऱ्या बाईंनी विजेच्या तारांत कशाला हात घालावा, असं कुणी म्हणेल. पण या घोटाळ्यापायी एका मुलीचा पगार कापला जाणार होता, आणि तो का वाचला हे समजून घेताना मला त्यात भाषेचाच प्रश्न दिसला.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली पंचवीस वर्षं सिल्वासाला आहे. तिथले लोक सेलवासही म्हणतात. वापी स्टेशनला उतरायचं आणि रिक्षा किंवा बस धरायची. दमणगंगेच्या काठचं हे गाव दादरा आणि नगर हवेलीचं मुख्य ठिकाण. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला आपला पालघर जिल्हा. २०२० सालापासून हा प्रदेश आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. बाजारात गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली एकाच दमात कानावर पडतात. बेळगावच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

मराठी माणसाचं या गावाशी जुनं नातं आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यातल्या स्वयंसेवकांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पण पुढची सात वर्षं हा मुलूख भारतात कायदेशीर विलीन झालेला नव्हता. तिथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. शेवटी १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर सह्या करायची वेळ आली. भारताच्या बाजूने पंतप्रधान नेहरू, मग समोर कोण? त्यासाठी के. जी. बदलानी या प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान नेमण्यात आलं. दोन बाजूंची पातळी जुळल्याशिवाय व्यवहार होत नाही, हे त्या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे!

पुढे करसवलतींच्या काळात तिथे कारखाने आले. आमळी, पिपरिया या भागांत शेडला लागून शेड. प्लास्टिक, धागा, वायर असं बरंच काही तिथे बनतं. माझा भाचा तिथेच वाढला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो आता एका लहान वर्कशॉपमध्ये कामाला आहे. प्लास्टिकच्या मशिनला लागणारी तापमान सांभाळणारी कार्डं ते बनवतात. अशा प्रत्येक कार्डाच्या मध्यभागी असतो मायक्रोकंट्रोलर.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा संगणक. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये, विजेच्या नव्या मीटरमध्ये, मुलांच्या खेळण्यांतही तो असतो. त्याला शब्द दोनच येतात, एक आणि शून्य. हे शब्द तो व्होल्टेजमध्ये बोलतो. तारेवरचं व्होल्टेज चढलं की ‘एक’, उतरलं की ‘शून्य’. आता किती चढलं म्हणजे ‘एक’ मानायचा, सगळी गोम इथेच आहे.

जुन्या पिढीच्या चिपा ५ व्होल्टवर चालत. पुढे चिपमधले ट्रान्झिस्टर बारीक बारीक होत गेले आणि त्यांना ५ व्होल्ट सोसेनात. शिवाय वीज वाचवायची होती. चिपच्या उघडझापेला लागणारी शक्ती साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ वरून ३.३ वर आलं की तेवढंच काम सुमारे ४४ टक्के विजेत होतं. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंना हे वरदानच. म्हणून ३.३ व्होल्टची पिढी आली, मग १.८ चीही आली. पण जुनी पिढी काही निवृत्त झाली नाही. आजही एकाच टेबलावर आजोबा ५ व्होल्टचे आणि नातू ३.३ चा असं चित्र दिसतं.

भाच्याच्या वर्कशॉपमध्ये नेमकं हेच झालं. जुनं कार्ड ५ व्होल्टचं होतं. नव्या कार्डावर तापमानाच्या नोंदी ठेवायला एक मेमरी चिप बसवली, ती ३.३ व्होल्टची. म्हणून सगळं कार्डच ३.३ वर आणलं. मायक्रोकंट्रोलर तोच राहिला, कारण त्याला दोन्ही व्होल्टेज चालतात. तो बाजारातून कोरा येतो. त्यात आज्ञावली भरायला काडेपेटीएवढं एक साधन असतं, त्याला प्रोग्रामर म्हणतात. एक टोक संगणकाला, दुसरं कार्डाला. या प्रोग्रामरवर इवलीशी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती एका बाजूला बसवली की ५, दुसऱ्या बाजूला बसवली की ३.३.

हे काम करत होती आयटीआय झालेली एक वारली मुलगी. तिच्या घरातली ती पहिलीच पगारदार. तिने सांगितल्याप्रमाणे जंपर ३.३ वर ठेवला. प्रत्येक कार्डाला संगणक ‘तपासणी बरोबर’ म्हणत होता. कार्डं गेली. आणि काही दिवसांनी एकेक परत यायला लागली. तापमान दिसतंय, पण नोंदी गायब. काही कार्डं लगेच बिघडलेली, काही महिन्याभराने. मालकांनी हिशेब मांडला. कार्डं हिच्या हातून गेली, म्हणजे चूक हिचीच. दर महिन्याच्या पगारातून पैसे वळते करायचं ठरलं.

भाच्याला ते पटेना. त्याने शोध घ्यायचं ठरवलं. या कामाला डीबगिंग म्हणतात, म्हणजे चूक हुडकून काढणं. त्याने कुठूनसा ऑसिलोस्कोप मागून आणला. तारेवरचं व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं हलतं हे तो पडद्यावर रेघ काढून दाखवतो. कार्ड बाजूला काढून त्याने नुसत्या प्रोग्रामरच्या तारा तपासल्या. विजेच्या तारेवर ३.३ व्होल्ट, अगदी बरोबर. पण संदेशाच्या तारांवर? तिथे ५ व्होल्टचे ठोके पडत होते!

म्हणजे तो जंपर फक्त कार्डाला पुरवायची वीज बदलत होता. प्रोग्रामर स्वतः बोलत होता ५ व्होल्टमध्येच. स्वस्तातल्या काही प्रोग्रामरची रचनाच अशी असते. आणि ज्या तारांवरून मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावली जाते, त्याच तारांवर ती मेमरी चिपही टांगलेली होती. मायक्रोकंट्रोलर दणकट, त्याने मार सोसला आणि आज्ञावली नीट लिहूनही घेतली. म्हणूनच तपासणी बरोबर यायची. पण शेजारची नाजूक मेमरी, जिच्याशी कुणी बोलतही नव्हतं, ती मात्र तो मार खाऊन कुठे लगेच, कुठे हळूहळू निकामी होत होती.

“मावशी, तिने काहीच चुकवलं नव्हतं गं,” भाचा मला म्हणाला, “जंपर बरोबर होता. जंपरवर लिहिलेलं खोटं होतं.”

त्याने मालकांना पडद्यावरची रेघ दाखवली. माणूस हिशेबी, पण वाईट नव्हे. पगारकपात थांबली. उपाय काय केला, तेही सांगते, कारण तो फार सोपा आहे. प्रोग्रामर आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषा बसवला. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत त्याला लेव्हल शिफ्टर म्हणतात. कार्डाकडे जाणाऱ्या तारांवर ७४एलव्हीसी जातीची एक चिप. ती स्वतः ३.३ वर चालते, पण ५ व्होल्टचं बोलणं ऐकून घेऊ शकते आणि पुढे ३.३ मध्येच सांगते. उलट येणाऱ्या तारेवर ७४एचसीटी जातीची चिप. ती ५ वर चालते, पण २ व्होल्टच्या वर काहीही आलं की ‘एक’ ओळखते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर या दोन्ही चिपा मिळून एका जेवणाच्या ताटाएवढाही खर्च येत नाही.

यातली ‘टी’ची गंमत पाहा. नुसती ७४एचसी चिप ५ व्होल्टवर चालवली तर तिला ‘एक’ ओळखायला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात. समोरचा बोलतो ३.३ मध्ये. फक्त दोन दशांश कमी! मग ती कधी ऐकते, कधी ऐकत नाही. टेबलावर चालतं, मशिनवर चालत नाही. सकाळी चालतं, दुपारी बंद. इथे काही जळत नाही, धूर येत नाही, म्हणून हा बिघाड सापडायला जास्त अवघड. आर्डुइनो युनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपला ५ व्होल्टवर ‘एक’ ओळखायला किमान ३ व्होल्ट लागतात, म्हणजे ३.३ चं बोलणं तिथे जेमतेम पोचतं. मोठ्याने बोललं तर कान फुटतो आणि हळू बोललं तर अर्धंच कळतं, तसे हे दोन प्रकार.

जुन्या संगणकाच्या मागे नऊ टाचण्यांचं सीरियल पोर्ट असायचं. त्याची तर तऱ्हाच न्यारी. तिथे ३ ते १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’ आणि उणे ३ ते उणे १५ म्हणजे ‘एक’. सगळं उलटं! त्या पोर्टातून मायक्रोकंट्रोलरशी बोलायचं तर मधे मॅक्स२३२ नावाची चिप लागायची. व्होल्टेजही बदलायचं आणि हो-नाहीही फिरवायचं, ही दोन्ही कामं ती करायची. जुन्या मशिनच्या दुरुस्तीत ती आजही भेटते.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती चांगल्या डीबगरची रीत. त्याच्या जोडणीत एक तार फक्त विचारण्यासाठी असते. ती कार्डाचं व्होल्टेज किती आहे ते आधी पाहते, आणि मग डीबगर आपला आवाज त्या पातळीला आणतो. ३.३ असेल तर ३.३, १.८ असेल तर १.८. कार्डाला वीजच नसेल तर तो बोलायलाच जात नाही. अनोळखी घरी जाऊन आधी ‘मराठी की कन्नड’ विचारणाऱ्या आपल्या पोस्टमनसारखा!

हे सगळं कुटुंबाच्या पानावर कशाला, असं वाटत असेल तर आपल्या घरात डोकावून पाहा. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांत आल्या. सहावी-सातवीची पोरं आर्डुइनोशी खेळतात. वाढदिवसाला किट मागतात. मग एके दिवशी आर्डुइनोची ५ व्होल्टची तार थेट रास्पबेरी पायच्या किंवा ईएसपी३२ च्या टाचणीला लागते. या दोघांच्या टाचण्या ३.३ व्होल्टच्या, त्यांना ५ चालत नाहीत. बोर्ड जातो आणि पोराला ऐकावं लागतं, ‘धड एक वस्तू सांभाळता येत नाही!’

तेव्हा रागावण्याआधी पोराबरोबर बसा. दोन्ही बोर्डांचं व्होल्टेज काय, हे माहितीपत्रकात एकत्र वाचा. जंपरवरच्या आकड्यावर विसंबू नका, साध्या मल्टिमीटरने विजेची तार मोजा आणि संदेशाची तारही वेगळी मोजा. भराभर पडणारे ठोके मल्टिमीटरला पकडता येत नाहीत, पण तार स्थिर असताना किती व्होल्ट दाखवते ते कळतं. ५ कडून ३.३ कडे एकाच दिशेने सावकाश बोलायचं असेल तर १ किलो-ओहम आणि २ किलो-ओहमचे दोन रेझिस्टरही पुरतात. पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. तिसरी-चौथीतला अपूर्णांक इथे कामाला येतो! दोन्ही दिशांनी बोलायचं असेल तर बाजारात तयार लेव्हल शिफ्टरची पट्टी मिळते, तिच्यावर ३.३ ची बाजू आणि ५ ची बाजू लिहिलेली असते. दोन्ही बोर्डांच्या शून्य व्होल्टच्या तारा म्हणजे ग्राउंड एकमेकांना जोडायला मात्र विसरू नका. व्होल्टेज मोजायचं ते कुठून, हे दोघांनाही एकच ठाऊक हवं.

आणि हे मुलांना मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, घरात जी भाषा चालते तिच्यात सांगा. सिल्वासातल्या त्या मुलीला कामाचा कागद इंग्रजीतच दिलेला होता. प्रोग्रामर तिच्याशी खोटं बोलतो आहे, हे तिला विचारायचं असतं तरी कुठल्या शब्दांत आणि कुणाला विचारणार होती? आता भाच्याने त्या टेबलावर मराठीत एक कागद चिकटवला आहे. त्यावर चारच ओळी आहेत. पहिली ओळ अशी: जोडण्याआधी दोन्हीकडे मोजा. कार्डं आजही तीच मुलगी भरते, आणि नव्या आलेल्या दोन मुलांना मोजायला तीच शिकवते.