मयूरी कांगो गायब झाली नव्हती

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रवेश घ्यायचाय. वडील म्हणाले, "त्या मयूरी कांगोचं काय झालं बघ. आयआयटी सोडली, चार सिनेमे केले आणि गायब!"

थांबा मंडळी. गायब कुठं झाली?

ही आपल्याच शहरातली, देवगिरी कॉलेजची पोरगी. आई सुजाता कांगो इथल्याच रंगभूमीवरच्या. १९९५ च्या 'नसीम'मध्ये पडद्यावर ती साक्षात कैफी आझमींची नात झाली. बाबरी पडायच्या आधीच्या महिन्यांतली ती गोष्ट. आपल्या शहरानं तरी तो सिनेमा आवर्जून बघावा, असं मला अजून वाटतं. मग 'पापा कहते हैं'नं नाव झालं. पुढं सिनेमे चालेनात तेव्हा 'डॉलर बहू', 'कुसुम' अशा मालिका केल्या. लग्नानंतर न्यूयॉर्क, तिथं एमबीए, आणि २०१९ मध्ये गूगल इंडियात मोठं पद.

यावर वडिलांचं उत्तर तयार: "मग शेवटी नोकरीच केली ना!"

केली की. म्हणून कॅमेऱ्यासमोरची वर्षं वाया गेली, हे कुणी ठरवलं? वाळूजची कंपनी सोडून पुण्याला गेलेल्या पोराला आपण 'गायब झाला' म्हणत नाही. त्याचे पेढे खातो!

त्या मुलीचा फॉर्म भरून तयार आहे, वडिलांची सही तेवढी राहिलीय. भाऊ, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता हे मला माहितीये. करून टाका सही.