फुंकर, चापट आणि रुमाल

माणूस आजारी पडला की त्याला डॉक्टरकडे नेतात, बैल आजारी पडला की जनावरांच्या दवाखान्यात नेतात. पण घरातला व्हिडिओ गेमचा डबा आजारी पडला की त्याला आधी फुंकतात. फुंकून भागले नाही तर चापट मारतात. चापटेनेही भागले नाही तर "गेला बिचारा" म्हणून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालतात आणि नवा घ्यायला निघतात. या तिन्ही उपचारांविरुद्ध मला आज जाहीर तक्रार नोंदवायची आहे. विषय पोरखेळाचा आहे हे मान्य. पण पाच आकडी किमतीचा पोरखेळ मध्यमवर्गीय घरात पोरखेळ राहत नाही. तो मासिक हप्ता होतो.

प्रथम फुंकर. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले, आणि नव्वदच्या दशकात त्याच्या नकला आपल्या जळगाव-धुळ्यापर्यंत येऊन पोचल्या. 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशी त्यांची नावे. सोबत एक पिवळी कॅसेट, आणि तिच्यावर हजारो खेळ असल्याचा छापील दावा. मोजायला बसले तर खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके; बाकी सगळे तेच, नाव बदलून. (ही प्रथा पुढे निवडणुकांतही रूढ झाली असे म्हणतात.) कॅसेट घातली आणि पडदा करडा राहिला, की घरातला ज्येष्ठ मुलगा ती बाहेर काढी, माऊथ ऑर्गनसारखी ओठांशी धरी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकून पुन्हा बसवी. खेळ सुरू होई. झाले! फुंकर-संप्रदायाची स्थापना झाली. आज चाळिशी ओलांडलेले, पोटे सुटलेले गृहस्थ अजूनही शपथेवर सांगतात, "अहो, फुंकरीनेच चालायचं ते!"

नाही हो, फुंकरीने चालत नव्हते. कॅसेटच्या कडेला साठ धातूच्या पट्ट्या असतात आणि डब्यात त्यांना चिमटीत धरणारे साठ स्प्रिंगचे काटे. पट्टीवर मळ किंवा गंज चढला, किंवा काटे सैल झाले, की एखादी पट्टी टेकत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातली की पट्ट्या घासल्या जातात, थोड्या वेगळ्या जागी टेकतात, आणि काम होते. गुण काढण्या-घालण्याचा, श्रेय फुंकरीला. पोरगे रात्र-रात्र जागून अभ्यास करते, पास होते, आणि नारळ मात्र देवापुढे आपल्या नवसाचा फुटतो, तसलाच हा प्रकार. वर फुंकरीबरोबर तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि गंजाला बोलावणे धाडते. स्वतः निन्टेंडोनेच गिऱ्हाइकांना बजावले होते, की बाबांनो फुंकू नका. पण औषधाच्या बाटलीवरचा कागद आपण वाचत नाही, तिथे खेळण्याचा कोण वाचणार?

हा दोष एकट्या खान्देशाचा नव्हे, हेही सांगून टाकतो. १९८५ साली हेच यंत्र अमेरिकेत गेले. तिथे १९८३ साली व्हिडिओ गेमचा धंदा असा बसला होता, की दुकानदार नाव ऐकताच दार लावीत. म्हणून कंपनीने यंत्राला व्हीसीआरचे सोंग दिले: कॅसेट समोरून आत सरकवायची आणि खाली दाबायची. दाबून दाबून काटे वाकले. आत एक पहारेकरी चिप होती. तिची कॅसेटमधल्या जोडीदाराशी बोलाचाली जुळली नाही, की ती दर सेकंदाला यंत्र बंद-चालू करी. दिवा लुकलुके, आणि समोर बसलेली साहेबाची पोरे फुंकत बसत. शेवटी १९९३ साली कंपनीने वरून कॅसेट घालायचे साधे यंत्र काढले. म्हणजे कंपनीने चूक सुधारली. फुंकर मात्र चालूच राहिली.

दुसरा उपचार चापट. हा आम्ही रेडिओकडून टीव्हीकडे आणि टीव्हीकडून इकडे आणला. जुन्या रेडिओत एखादा डाग सुटलेला असे, चापटीने तो क्षणभर टेके, आणि बातम्या पुन्हा ऐकू येत. पण त्यानंतरच्या कितीतरी डब्यांत फिरती हार्ड डिस्क असते. तिची वाचणारी सुई तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. तिथे कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हाताची एक खान्देशी चापट बसली, की खेळच काय, खेळाची आठवणही पुसली जाते. चापटीने सुधारायला ते काही आमच्या पिढीतले विद्यार्थी नव्हेत.

तिसरा उपचार रुमालाचा, आणि माझा खरा राग याच्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. आपण स्वतः बनियनवर बसून "काय उकडतंय!" म्हणत असतो, आणि ज्या यंत्राच्या पोटात शेगडी आहे त्याला काचेच्या शोकेसमध्ये कोंडून वर विणलेला रुमाल पांघरतो. का, तर धूळ बसू नये! डब्याला ज्या जाळ्या असतात ना, त्या शोभेच्या नव्हेत. त्या नाकपुड्या आहेत. आतल्या पाटीवर कपॅसिटर नावाची छोटी डबडी असतात. तज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की उष्णता दहा अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते. पुण्याच्या गणिताने दहा वर्षे टिकायचे ते जळगावच्या शोकेसमध्ये किती टिकेल, हे त्रैराशिक वाचकांनी घरी सोडवावे.

इथेही साहेब आपल्यापुढे एक पाऊल. २००५ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० काढला. तो इतका तापे, की आतले डाग सुटून दर्शनी बाजूला तीन लाल दिवे लागत. जुलै २००७ मध्ये कंपनीने या दुखण्यापुरती हमी तीन वर्षांची केली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. आणि घरोघरचे साहेब काय करीत? तापलेल्या डब्याला टॉवेल गुंडाळून आणखी तापवीत! डाग पुन्हा वितळून चिकटतील ही आशा. काही डबे त्याने थोडे दिवस चालतही. मग कायमचे जात. काट्याने काटा काढण्याची म्हण इंग्रजीत गेली ती अशी.

आता उन्हाळ्यात आणखी एक शहाणपण निघते. "कूलरसमोर ठेव, गार राहील." कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते. आपल्या जड पाण्याचे तुषार पाटीवर बसले, की क्षार आणि गंज दोन्ही घरपोच. माणसाला कूलर, यंत्राला मोकळी जागा, एवढे लक्षात ठेवावे.

या सगळ्या अज्ञानाला निदान भाबडेपणाची सबब आहे. ज्यांना तीही नाही, अशांकडे आता वळतो. माझ्या धुळ्याच्या भाच्याचा डबा गेल्या वर्षी वीस मिनिटे चालला की आपोआप बंद पडू लागला. बहिणीने दूरच्या शहरातल्या सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या गोड आवाजाने यंत्र न बघता निदान केले, "मॅडम, बोर्ड गेलाय. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे." नाडी न बघता मृत्यूचा दाखला, आणि तोही सवलतीत!

भाचा म्हणाला, "मामा, आता?" मी म्हणालो, आपल्या गावात माणसे काय मेली आहेत? बाजारातल्या एका बोळात मोबाइल दुरुस्त करणारा एक कारागीर बसतो. त्याने डबा उघडला, आत डोकावला आणि हसून म्हणाला, "भो, याले काहीच व्हयेल नही. धूय भरायेल शे, बस!" पंख्यावर काळ्या मातीचा आणि कापसाच्या तुसाचा असा थर होता, की त्यात पेरणी झाली असती. चिप आणि तिची उष्णता ओढणारा धातू यांच्यात लावलेली पेस्ट वाळून उडदाचा पापड झाली होती. त्याने ब्रशने पंखा झाडला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि चारशे रुपये घेतले. डबा आजही चालू आहे. यंत्र तापले म्हणून स्वतःला वाचवायला बंद होत होते. त्या बिचाऱ्याच्या शहाणपणालाच त्या आवाजाने मरण ठरवले होते.

"पण मामा, तो स्टिकर?" हा भाच्याचा दुसरा प्रश्न. स्क्रूवर एक चतकोर कागद चिकटवलेला असतो: हा फाटला तर हमी रद्द. देवीच्या कोपाला न भिणारी माणसे या कागदाला भितात. अमेरिकेत त्यांच्या व्यापार आयोगाने २०१८ साली असल्या मजकुराबद्दल सहा कंपन्यांना ताकीद दिली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो हे तिघेही होते. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आहे. शिवाय हमीची मुदत केव्हाच संपलेली असते. मेलेल्या हमीला स्टिकर काय जाळायचाय?

अर्थात कोणीही स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत सुटावे असे मी म्हणत नाही. हमी चालू असेल तर कंपनीकडे जावे. ते त्यांचे कर्जच आहे. आणि डब्यातल्या विजेच्या पुरवठ्याच्या भागाला घरच्याने हात लावू नये. प्लग काढल्यावरही तिथे झटका देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. ते काम कारागिराचे. आपले काम त्याच्या अलीकडचे, आणि त्याला शिक्षण लागत नाही. डब्याच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळ्या झाडाव्यात. वीज गेली की प्लग काढावा आणि परत आल्यावर दोन-चार मिनिटे थांबून लावावा, कारण दणका बसतो तो वीज जाताना नव्हे, येताना. जुन्या डब्याला नऊ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर बारा व्होल्टचा लावू नये. आतला भाग पाच व्होल्टच घेतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून वाळू द्याव्यात. आणि डब्याजवळ चिवडा खाऊ नये. उबदार जागा नि वर शेव-दाणे, म्हणजे झुरळांच्या दृष्टीने लॉजिंग-बोर्डिंगच!

आपण खान्देशची माणसे हे का विसरतो, तेच मला कळत नाही. केळीच्या बागेत ठिबक तुंबू नये म्हणून शेतकरी आधी फिल्टर धुतो, नळ्यांची टोके सोडून कचरा वाहू देतो. विहिरीवरची मोटार जळली तर ती तालुक्याला नेऊन गुंडाळून आणतो. कोणी त्याला "नवीन विहीर घ्या" म्हणत नाही. मग त्याच घरातले पोरगे एका चतकोर स्टिकरपुढे हात का टेकते? बोळातला तो कारागीर गिऱ्हाईक नाही म्हणून उद्या मोबाइलची कव्हरे विकायला बसला, तर आपल्याकडे दुरुस्तीला पैसे असतील, पण माणूस नसेल. यंत्र उघडून बघता येते, बिघाडाला कारण असते आणि ते सापडते, हे त्या पोराने एकदा डोळ्यांनी पाहिले तर डब्याची निम्मी किंमत वसूल झाली असे मी समजेन.

कंपन्यांशी भांडायचे तेव्हा भांडू. ते लांबचे काम आहे. तोपर्यंत निदान तो रुमाल तेवढा काढा. आत फार उकडतंय हो!