गव्हाची भीती आणि काशीदची भाकरी

काशीदच्या किनाऱ्यालगतच्या एका घरगुती खानावळीतील प्रसंग. शेजारच्या टेबलावर मुंबईचे एक सुशिक्षित कुटुंब बसले होते. त्यातील बाईंनी विचारले, "ग्लूटेन-फ्री काही आहे का?" वाढणाऱ्या मावशींना शब्द कळला नाही. 'गहू नको' एवढे उमगताच त्या म्हणाल्या, "अहो, मग तांदळाची भाकरी आहेच की!" बाईंचे समाधान झाले नाही. त्यांनी पिशवीतून परदेशी बिस्किटांचा पुडा काढला. त्यावर 'ग्लूटेन-फ्री' असे छापलेले होते ना!

ग्लूटेन हे गहू, जव व राय या धान्यांतील प्रथिन. सिलिअ‍ॅक विकार असलेल्यांच्या आतड्याला त्याने खरोखर इजा होते. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०च्या प्रबंधात मांडला. जगात शंभरात सुमारे एकाला हा विकार असतो. त्याचे पथ्य कडक आणि जन्मभराचे; बाजारच्या हिंगात मिसळलेले गव्हाचे पीठही त्याला चालत नाही. त्याची थट्टा कोणी करू नये.

प्रश्न आहे तो उरलेल्या नव्व्याण्णवांचा. गव्हाने पोट बिघडते असे सांगणाऱ्या, पण सिलिअ‍ॅक नसलेल्या ३७ जणांवर ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आतड्यात आंबणाऱ्या शर्करा आहारातून कमी करताच त्यांना बरे वाटले. नंतर नकळत ग्लूटेन दिले, तरी बहुतेकांना त्याचा वेगळा त्रास झाला नाही. या शर्करा गव्हात आहेत, तशा कांद्या-लसणातही आहेत. म्हणजे त्रास खरा. आरोपी मात्र चुकीचा!

याहून गंभीर धोका निराळाच आहे. गहू आधीच सोडला, तर रक्ततपासणीत सिलिअ‍ॅक सापडेनासा होतो. घरातील मूल खरोखर रुग्ण असेल, तर आपल्या उतावीळपणाने त्याचे निदानच हुकते. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटा करू नये.

आणि ज्याला केवळ आवडीने गहू कमी करायचा आहे, त्याने महागडे पुडे का घ्यावेत? त्यांत पुष्कळदा स्टार्च आणि साखरच अधिक असते. तांदळाची भाकरी, घावने, नाचणीची आंबील हे कोकणच्या मातीने आणि पावसाने घडविलेले अन्न आहे. कालपर्यंत आपण नाचणीला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडत होतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा कोठे आपले डोळे उघडले!

मावशींच्या भाकरीवर कसलीही चिठ्ठी नव्हती. पण तिच्यात काय आहे, हे मावशींना ठाऊक होते. आपल्या ताटात काय आहे, हे आपल्याला ठाऊक आहे काय?