स्वयंपाकघराची जमीन आणि लाकडाचा फोटो



मागच्या चातुर्मासाआधी आमच्या घरात फरशीवरून पंधरा दिवस धुसफूस चालली होती. स्वयंपाकघरात सासऱ्यांनी घातलेली शहाबादी होती. दगडाला काही झालं नव्हतं, पण सांधे पोखरले गेले होते. पुण्याला भावाच्या फ्लॅटमध्ये सूनबाईने लॅमिनेटची जमीन पाहिली आणि तिच्या मनात तीच भरली. मी "नाही" म्हटलं. का, ते मात्र सांगितलं नाही. सासूपणाची सवय, दुसरं काय!

ती शांतपणे म्हणाली, "आई, सांध्यातून मुंग्या निघतात, पोछ्याखाली मरतात. तुम्हीच रोज हळहळता. सांधेच नसले तर?"

मला उत्तर सुचेना. जयणा पाळायची ती मी पाळते असं मला वाटत होतं, आणि इथे माझाच धडा ती मला वाचून दाखवत होती. मग मी ठरवलं, नाही म्हणायचं तर कारणासह म्हणायचं.

दुकानदाराकडून एक तुकडा मागून आणला. वरून अगदी सागवान. यवतमाळ जिल्ह्यात राहून सागवान ओळखता येऊ नये, इतकं हुबेहूब! पण कडेला पाहिलं तर आत भुश्यासारखा घट्ट दाबलेला गर. लाकडाचे तंतू राळेत मिसळून, गरम दाबाखाली त्याची पाटी करतात. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाईनचा पारदर्शक, कडक थर. म्हणजे आपण चालतो ते लाकडाच्या फोटोवर. स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली ही युक्ती काढली. तिकडे थंडी, घरात बूट काढून मोज्यांवर फिरायचं, आणि जमिनीवर बादलीभर पाणी ओतायची पद्धत नाही. तिथे ती शोभते.

तो तुकडा मी रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. सकाळी वरची बाजू तशीच होती, पण कापलेली कड फुगली होती. वाळवल्यावरही ती पूर्ण खाली बसली नाही. दुकानदाराचं म्हणणं, पट्ट्या एकमेकींत अडकल्या की कड उघडी राहतच नाही. कबूल. पण पट्टी पट्टीला जिथे मिळते तो सांधाच ना? आमच्याकडे उन्हाळाभर कुलर चालतो, घरभर दमट हवा. त्यानंतर पावसाळा. या पट्ट्या हवेप्रमाणे फुगतात-आक्रसतात, म्हणून भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा सोडून वरून पट्टीने झाकतात. जमिनीला चिकटवतही नाहीत, खाली फोमचा पातळ थर असतो.

माझं मन अडलं ते इथेच. शहाबादीच्या सांध्यातली मुंगी मला दिसते. दिसते म्हणून पोछा थांबवता येतो. या पट्ट्यांखाली ओल गेली तर तिथे बुरशी धरेल, झुरळं होतील, लाकडाचा गर म्हणून वाळवीही लागू शकेल, आणि मला त्यातलं काहीच दिसणार नाही. कळेल तेव्हा औषध फवारणाऱ्याला बोलवावं लागेल. वरून मुंगी वाचवायची आणि खाली हजारोंना मारायचं, हा हिशोब बी.कॉम. झालेल्या बाईला तरी जुळेना.

आणि चौका? आपल्या घरी महाराजांचा आहार होतो तेव्हा जमीन आधी धुतली जाते. पाय प्रक्षालन होतं, महाराज उभ्याने ओंजळीत आहार घेतात, खाली पाणी सांडणारच. आमच्या स्वयंपाकघराला मोरीकडे उतार आहे तो याचसाठी. लॅमिनेटला जमीन सपाट लागते आणि पोछा घट्ट पिळलेला. सांडलेलं पाणी लगेच पुसायचं. आहार चालू असताना मी काय जमिनीवर फडकं घेऊन धावू?

गॅसची टाकी तर राहिलीच. भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास जाते, आणि ती उचलून ठेवणारा आमच्या घरात कोणी नाही, सगळे सरकवतात.

वॉरंटी दहा वर्षांची होती. कार्ड उलटून बारीक अक्षरं वाचली तर पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरलेलं नव्हतं. शहाबादीवर किती वर्षांचा घसारा लावायचा, ते सासऱ्यांनाच विचारावं लागलं असतं! मैत्रिणींनो, कार्डाची मागची बाजू वाचत जा. दगडी भुकटी आणि प्लॅस्टिकच्या, पाण्याने न फुगणाऱ्या पट्ट्याही हल्ली मिळतात. पण त्यांच्याही सांध्यातून पाणी खाली उतरू शकतं, म्हणून मन वळलं नाही.

हे सगळं मी सूनबाईसमोर मांडलं, फुगलेल्या तुकड्यासकट. ती म्हणाली, "मग मुंग्यांचं काय?" बरोबर होतं तिचं. माझं 'नाही' खरं ठरलं म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नव्हती. सांधे काळे पडले होते, गुडघ्यावर बसून ते घासणारी ती होती, आणि इतकी वर्षं "आपल्याकडे असंच असतं" म्हणून मी विषय टाळत आले होते.

शेवटी शहाबादी काढली. काढताना मला रडू आलं, ते जाऊ द्या. मोठ्या, खरखरीत पाठीच्या टाईल्स घातल्या, म्हणजे सांधे थोडे, पाय घसरत नाही. सांध्यात साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरायला लावलं, त्यात पाणी मुरत नाही. गवंडी कुरकुरला, कारण ते भराभर पुसावं लागतं. मोरीचा उतार तसाच ठेवला.

लॅमिनेट वर सूनबाईच्या खोलीत बसलं. तिथे पाणी नाही, टाकी नाही, आणि दुपारी ती त्यावर नुसती चटई टाकून पडते. परवा मी स्वाध्यायाचं पुस्तक घेऊन वर गेले, तर म्हणाली, "आई, पाय पुसून या हं."