हाताला काम, कामात मान



आषाढाच्या दिवसांत पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे किंवा कळवे या गावांतून सहज चालत गेलात, तर घरोघरच्या पडवीत आणि शेडमध्ये गणेशमूर्तींच्या रांगा दिसतात. एकच मूर्ती, पण तिच्यावरून किती हात फिरतात! कोणी साचा भरतो, कोणी सांधे बुजवतो, कोणी पॉलिश पेपरने घासते, कोणी अस्तराचा पांढरा रंग देते, कोणी अंगाचा, कोणी पितांबराचा. मुरलेला कारागीर डोळ्यांची आखणी करतो आणि शेवटी कोणी तरी ती मूर्ती जपून पेंढ्यात बसवून खोक्यात भरते.

आरोग्याच्या सदरात कारखान्याची ही कथा कशासाठी, असे आपणांस वाटेल. कारण असे की, ज्येष्ठांच्या आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या बोलण्यात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला, ‘हात अजून चालतात, पण आता कामावर कोण ठेवणार?’ दुसरा, ‘आमचा मुलगा समजुतीने मागे आहे, आमच्या माघारी त्याचे कसे होणार?’ तिसरा, ‘सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझे काम सुटले, आता मी काय करू?’ तिघांचे दुखणे वेगळे दिसते, पण त्यांच्या वाटेवरची अडचण एकच आहे. आपल्याकडे काम आधी ठरते आणि त्यात बसेल तेवढाच माणूस घेतला जातो. आरोग्यशास्त्र मात्र उलट सांगते: काम माणसाच्या मापाचे करावे. मूर्तीचे काम अनेक लहान टप्प्यांत वाटलेले असल्यामुळे पेणसारख्या ठिकाणी हे तुलनेने सोपे आहे.

प्रथम ज्येष्ठ कारागिरांविषयी. साठीतल्या निरोगी डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणजे ‘म्हाताऱ्याची नजर गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा गेलेली असते ती उजेडाची सोय. डाव्या बाजूने येणारा चांगला दिवा (डावखुऱ्यांना उजवीकडून), जवळच्या कामाचा योग्य चष्मा आणि मोतीबिंदूची वेळेवर तपासणी एवढ्याने अनेक वर्षांचा सराव असलेला हात पुन्हा आखणीला बसू शकतो. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते, म्हणून निळ्या-जांभळ्या छटांतील फरक कमी कळतो. अशा रंगांचा मेळ दिवसाच्या उजेडात एखाद्या तरुणाकडून पाहून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसणे गुडघ्यांना व कमरेला जड जाते. मूर्ती कोपराच्या उंचीला येईल असे टेबल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि मूर्ती फिरवता येईल असा फिरता पाट, एवढा फरक पुरेसा होतो. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. आणखी एक गोष्ट, जी संकोचामुळे कोणी बोलत नाही: स्वच्छतागृह लांब किंवा अस्वच्छ असले, की वृद्ध आणि स्त्रिया पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात, उन्हाळ्यात चक्कर येते. जवळचे स्वच्छतागृह ही चैन नसून कामाचेच साधन आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला ‘मूर्ती घास’ एवढे सांगून भागत नाही. काम पायरीपायरीने दाखवावे लागते: पेपर हातात घे, तळापासून सुरुवात कर, खडबडीत जागा बोटाने चाचप, मग मूर्ती या फळीवर ठेव. पायऱ्यांची चित्रे भिंतीवर लावावीत. जागा आणि वेळ रोज तीच ठेवावी, आणि शेजारी एक ठरलेला सोबती असावा. एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची द्यावी. अपस्माराची औषधे चालू असतील, तर फिरणारे यंत्र, शिडी आणि उघडी आग यांपासून दूरचे काम निवडावे व फिट आल्यास काय करायचे, हे सोबत्याला शिकवावे.

येथे एक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ‘वेळ जातो ना त्याचा, मग पैसे कशाला?’ असे म्हणणारा मालक उपकार करीत नाही, तो फुकट राबवून घेत असतो. कामाची मजुरी ठरलेली असावी आणि ती त्या व्यक्तीच्या नावच्या खात्यात जमा व्हावी. आपल्या माघारी मुलाला केवळ पैसा नव्हे, तर सकाळी उठून जाण्याचे ठिकाण आणि त्याला नावाने ओळखणारी माणसे असणे, हीच खरी तजवीज आहे. ती आपण हिंडते-फिरते असतानाच सुरू करावयास हवी.

तिसरा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचा. मूर्तीचे काम नगावर घरी आणता येते, ही मोठी सोय. परंतु ज्या खोलीत दम्याचा वा अंथरुणाला खिळलेला रुग्ण झोपतो, त्याच खोलीत प्लास्टरच्या मूर्ती घासल्या, तर ती धूळ त्याच्या डोळ्यांत, नाकात आणि छातीत जाते. घासकाम पडवीत करावे, नाका-तोंडावर मास्क लावावा, नंतर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. स्प्रेने रंग देण्याचे काम तर घरात नकोच. ज्यांना कारखान्यातच जावे लागते, त्यांना दुपारी तासभर घरी जाऊन रुग्णाची कूस बदलण्याची, औषध देण्याची मुभा मिळाली, तर कामही टिकते आणि रुग्णाला शय्याव्रण होण्याचा धोकाही कमी होतो.

पेणहून रोह्याकडे वळलो, की चित्र बदलते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तेथे काम पाळ्यांचे, यंत्रांचे आणि जोखमीचे. तेथील सर्वसमावेशकता केवळ आपुलकीवर अवलंबून ठेवता येत नाही. धोक्याचा भोंगा ऐकू न येणाऱ्या कामगारासाठी लुकलुकणारा दिवा हवा. परप्रांतातून आलेल्या कामगाराला कळेल अशा भाषेत आणि चित्रांत सूचना हव्यात. चाकाच्या खुर्चीला उतार हवा. अशा सोयी एकासाठी केल्या, तरी आणीबाणीत त्या सर्वांचेच प्राण वाचवतात.

कायद्याचा आधारही आपणांस ठाऊक असावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमतांचा समावेश आहे आणि खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करावे, अशी त्यात तरतूद आहे. चार टक्के आरक्षण मात्र शासकीय नोकऱ्यांपुरते आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कारखान्यातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरातील दिव्यांग व्यक्तीचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढले नसेल, तर तो अर्ज प्रथम करावा. पुढील बहुतेक दारे त्यानेच उघडतात.

या पंधरवड्यात एक काम करावे, अशी विनंती आहे. घरातील ज्या व्यक्तीविषयी ‘आता त्यांना काय जमणार’ असे आपण म्हणत आला आहात, तिला जे येते त्याची यादी तिच्या शेजारी बसूनच करा: किती वेळ बसवते, कोणत्या उजेडात दिसते, कोणती पायरी एकटीने जमते, कशाने थकवा येतो. ती आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि मग ओळखीच्या कारखानदाराकडे घेऊन जा. ‘हिला सांभाळून घ्या’ असे म्हणू नका. ‘हिला हे येते, त्यासाठी एवढी सोय लागेल आणि मजुरी अमुक’ असे म्हणा. पहिल्या वाक्याने दया मिळते. दुसऱ्याने काम मिळते, आणि त्यासोबत मानही.