नव्वद दिवसांचा दाखला

आमच्या आगाशीच्या तळ्याकडून बोळींजच्या रस्त्याला लागलो की वाड्या किती उरल्या आणि इमारती किती उठल्या, हे मोजण्याची मला खोडच जडली आहे. मध्यंतरी अशाच एका अर्धवट इमारतीपाशी, निळ्या प्लास्टिकच्या आडोशाला राहणाऱ्या कुटुंबाशी बोलणे झाले. माणसे मोखाड्याची. भातकापणी उरकून आलेली, पावसाला लावणीसाठी परत जाणार.

"मंडळाची नोंदणी केलीत का?" मी विचारले.

"दाखला कोण देणार, दादा? मुकादम सारखा बदलतो," बाई म्हणाली.

हा दाखला म्हणजे वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा. १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. आपल्याकडे तो एक टक्का आहे. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना मदत. महाराष्ट्रात मंडळ स्थापन व्हायला मात्र २०११ उजाडले! २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितांत विलीन झाला. उपकर आणि ९० दिवसांची अट कायम राहिली.

उपकर भरला जातो तो मुख्यतः नकाशा मंजूर होताना. वसई-विरारमध्ये विनापरवाना बांधकामे किती, हे मी सांगायला नको. नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या गेल्या, ते काम २०२५च्या आरंभी संपले. रहिवासी रस्त्यावर आले, त्यावर रास्त चर्चा झाली. परंतु त्या इमारती ज्यांनी विटेवर वीट ठेवून उभारल्या, त्यांना दाखला कोणता मालक देणार? सही केली तर गुन्ह्याची कबुलीच की!

दुसरी गोम याहून चमत्कारिक आहे. स्थलांतरितांसाठी १९७९ साली कायदा झाला, तो परराज्यातून ठेकेदाराने आणलेल्यांपुरता. नव्या संहितेने आपणहून आलेल्यांनाही त्यात घेतले, हे चांगले झाले. परंतु रेषा राज्याच्या सीमेचीच राहिली. बिहारचा गवंडी निदान कागदावर स्थलांतरित ठरू शकतो. मोखाडा आणि आगाशी मात्र २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात. वर्षातले सहा-सात महिने घरदार सोडून प्लास्टिकखाली झोपणारी ही बाई कायद्याच्या लेखी कुठे गेलेलीच नाही.

ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारीही दाखला देऊ शकतो, असे मी तिला सांगितले. पण त्यालाही पुरावा हवा. तेवढ्यात शाळा बुडवून आलेल्या तिच्या मुलीने वही आणून दाखवली. रोजची हजेरी तिने तारीखवार मांडली होती. दिवस भरले होते ६१.