एकट्याला महाग, संघटितांना स्वस्त

कारखान्यातील कामगाराला 1948 च्या कायद्याने ईएसआयचे कवच मिळाले. मालकालाही वर्गणी भरणे भाग पडले. पण ज्याचा मालक रोज बदलतो, त्या शेतमजुराने आजारपणात कोणाकडे पाहायचे? बाजारातील विमा पॉलिसी त्याच्या मजुरीत बसत नाही.

यावर बंगळुरूहून एक वाट निघाली. डॉ. देवी शेट्टी यांची कल्पना आणि कर्नाटकच्या सहकार खात्याचे जाळे यांतून जून 2003 मध्ये ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. सभासदाने महिन्याला अवघे 5 रुपये द्यायचे. सरकारनेही भर घातली. पहिल्याच वर्षी 16 लाखांवर शेतकरी त्यात आले. एवढी संख्या पाठीशी असल्यामुळे रुग्णालयांशी शस्त्रक्रियांचे दर आधीच ठरवता आले. एकजुटीची ताकद म्हणतात ती हीच.

मात्र योजनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भर शस्त्रक्रियेवर, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच. सोसायटीचा सभासद नसलेल्या भूमिहीनाला शिधापत्रिकेवरील सरकारी योजनेकडे वळावे लागते. शिवाय 2018 मध्ये ही योजना ‘आरोग्य कर्नाटक’मध्ये विलीन झाली आणि 2022 मध्ये पुन्हा जाहीर झाली. जे सरकारी आदेशाने येते, ते आदेशानेच जाते!

म्हणून मागणी दुहेरी हवी. सहकारी संस्थांची दारे भूमिहीनांना उघडा आणि ईएसआयप्रमाणे शेतमजुराच्या उपचाराचा हक्क कायद्यात लिहा. आपल्या शाखांनी गावोगावी सभासद नोंदणीपासून सुरुवात करावी.